यंत्र कपाटात का आहे? शिक्षक आणि स्पीच थेरपिस्टना एक खुलं पत्र

प्रिय शिक्षक आणि स्पीच थेरपिस्ट मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी अकरा वर्षांच्या एका मुलाची आई. माझा मुलगा तोंडाने बोलत नाही. तो टॅबवरच्या चित्रांची बटणं दाबतो आणि टॅब ते शब्द मोठ्याने म्हणतो. आमच्या घरात त्यालाच 'बोलणं' म्हणतात. तुमच्या क्षेत्रात त्याला पूरक आणि पर्यायी संवाद, थोडक्यात एएसी, असं नाव आहे. हे यंत्र त्याच्या हाती येऊन चार वर्षं झाली. घरी ते त्याच्या गळ्यात असतं. शाळेतला बराचसा काळ मात्र ते कपाटात होतं, आणि हे पत्र त्या कपाटाविषयी आहे.

गेल्या सत्रात एकदा मी त्याला न्यायला तासभर लवकर पोचले. पोरगा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता, रडून रडून डोळे लाल. त्या दिवशीच्या वहीत लिहिलं होतं: 'आज दिवसभर चिडचिड. एका जागी बसायला तयार नाही. उपक्रमात भाग घेतला नाही.' यंत्र कुठे आहे असं विचारल्यावर बाईंनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून, हजेरीपटांच्या मागून, टॅब काढून दिला. चार्जरची वायर त्याच्याभोवती छान गुंडाळलेली. 'अगदी जपून ठेवतो हो आम्ही,' त्या म्हणाल्या, 'एवढी महागाची वस्तू, फुटली तर?' टॅब सुरू झाला. त्याने दोन बटणं दाबली. 'बूट.' 'दुखतं.' नवे बूट होते, टाचेला फोड आला होता. सकाळपासून.

बाईंवर माझा राग नाही, हे मनापासून सांगते. मुलांवर जीव टाकणारी बाई आहे ती. यंत्र त्यांच्या हवाली केलं तेव्हा ते महाग आहे एवढंच त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते काय आहे हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून ते खडू, फळे आणि ढोलकीबरोबर 'साहित्य' या यादीत गेलं, आणि साहित्य तास संपला की कपाटातच जातं.

आता जरा मागे जाते. यंत्रासाठी आमची खटपट सुरू झाली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ते मिळालं तेव्हा सात. मधली दोन वर्षं एका शब्दाने खाल्ली: 'तयारी'. अजून त्याची तयारी नाही. आधी त्याने नजरेला नजर द्यावी. आधी पाच मिनिटं खुर्चीत बसावं. आधी चित्रांच्या आणि वस्तूंच्या जोड्या दहापैकी आठ वेळा बरोबर लावाव्यात. जोड्या लावायचा त्याला दुसऱ्याच मिनिटाला कंटाळा यायचा. कंटाळा आला हे सांगायला हाती काहीच नसल्यामुळे तो कार्डं फेकायचा, आणि अहवालात पुन्हा 'तयारी नाही'. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण सगळ्या जगाला ऐकवतो. या मुलांना मात्र आधी काठावर पोहून दाखवायला सांगतो.

त्याच्या मोठ्या बहिणीशी आम्ही ती पाळण्यात असल्यापासून बोलतोय. तिला काय कळतं याची परीक्षा घेऊन, पास झाल्यावर बोलायला लागलो असं झालं नाही. तिला कळत नव्हतंच, आणि आम्ही बोलत होतो म्हणून ते हळूहळू कळायला लागलं. भाषा अशीच येते ना? मग याच्या बाबतीत उलटा क्रम कुठून आला?

ॲन डोनेलन या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये 'सर्वांत कमी धोक्याचं गृहीतक' अशी एक कल्पना मांडली. पक्का पुरावा हातात नसेल तेव्हा असं गृहीत धरा, जे चुकीचं ठरलं तरी मुलाचं नुकसान कमीत कमी होईल. हिशेब सोपा आहे. त्याला कळतं असं धरून आपण यंत्र दिलं, शब्द दिले, आणि पुढे निघालं की त्याला फारसं कळत नव्हतं. काय गेलं? आपले काही तास. उलट त्याला कळत नाही असं धरून आपण काहीच दिलं नाही, आणि पुढे निघालं की त्याला सगळं कळत होतं, तर? 'थांबू या, बघू या' असं लिहिताना हा दुसरा हिशेब तुम्ही कधी कागदावर मांडला आहे का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

यंत्राची सवय लागली तर तो तोंडाने बोलायचा राहील, ही दुसरी भीती. ती तुमच्या एकट्यांची नाही; आमच्या घरातही होती आणि माझ्या मनात तर सगळ्यांत जास्त. तिच्यावरचं काम जुनं आहे. डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातले नीट काटेकोरपणे केलेले अभ्यास वेगळे काढले तेव्हा त्यांत २७ जण होते. पूरक संवाद सुरू केल्यावर त्यांतल्या ८९ टक्के जणांच्या तोंडी बोलण्यात वाढ झाली, ११ टक्के जणांत फरक पडला नाही, आणि बोलणं कमी झालं असा एकही निघाला नाही. वाढ बहुतेकांची बेताचीच होती, हेही त्यांनी लिहिलं आहे. पुढे २०१४ मध्ये कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी ५ ते ८ वर्षांच्या, अगदी मोजकं बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांबरोबर काम केलं. ज्यांच्या उपचारात पहिल्यापासून बोलकं यंत्र होतं, त्यांचं आपणहून बोलणं जास्त वाढलं. आमच्याकडे काय झालं ते सांगते. चार वर्षांत तोंडातून दोन शब्द आले, 'बा' आणि 'जा'. 'जा' हा बहुतेक वेळा मला उद्देशून असतो. म्हणजे यंत्राने त्याला तोंडाने बोलतं केलं असा दावा मी करणार नाही. त्याचं तोंड बंद केलं नाही, एवढं नक्की.

मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ती गोष्ट आता येते. यंत्र मिळालं की मूल बोलायला लागेल, असं तुम्हालाही वाटतं आणि आम्हालाही वाटलं होतं. खोकं उघडलं, चार्ज केलं, त्याच्यासमोर ठेवलं आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे, चुकले, बोटाकडे बघत बसलो. तो काहीच दाबेना. दहा दिवसांनी घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी निकाल दिला: 'पैसे वाया गेले.'

एक गणित करून बघा. बोलणाऱ्या घरातलं बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत रोज आठ तास भाषा ऐकतं असं धरलं, तर साधारण ४,३८० तास होतात. एवढं ऐकून झाल्यावर ते जेमतेम काही शब्द बोलू लागतं आणि आपण पेढे वाटल्यासारखे सगळ्यांना फोन करतो. आता माझ्या मुलाचं बघा. यंत्राची भाषा कोणी 'बोलताना' तो कधी बघत होता? आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या थेरपीत. म्हणजे वर्षाला ५२ तास. या वेगाने ४,३८० तास पुरे व्हायला ८४ वर्षं लागतील. हा हिशेब माझा नाही, तुमच्या क्षेत्रातले लोक तो कित्येक वर्षं मांडत आलेत. मी फक्त भागाकार पुन्हा करून पाहिला आणि रात्रभर झोपले नाही. आम्ही त्याच्याशी एका भाषेत बोलत होतो आणि त्याने दुसऱ्या भाषेत उत्तर द्यावं अशी अपेक्षा करत होतो. ती दुसरी भाषा घरात कोणालाच येत नव्हती.

मग आम्ही शिकलो. एका तरुण थेरपिस्ट मुलीने शिकवलं. तिने पहिल्या दिवशी टॅब मुलासमोर ठेवलाच नाही, माझ्यासमोर ठेवला. 'ताई, आज तुम्ही बोला,' म्हणाली. मी तोंडाने 'चल, बाहेर जाऊ' म्हणायचं आणि म्हणता म्हणता 'बाहेर' आणि 'जा' ही दोन बटणं दाबायची. सगळं वाक्य दाबायची गरज नाही, एक-दोन शब्द पुरेत. त्याने बघितलंच पाहिजे असा आग्रह नाही, त्याने नंतर तसंच दाबावं ही अट नाही, 'आता तू म्हण' तर अजिबात नाही. पहिले काही दिवस मला 'बाहेर' सापडेपर्यंत पोरगा चपला घालून दारात उभा असायचा. त्याचे बाबा 'अजून'च्या जागी 'संपलं' दाबायचे आणि मग 'अरे नाही, चुकलं' म्हणत पुन्हा शोधायचे. ती मुलगी म्हणाली, चुका त्याच्यासमोरच करा. चुकलं तर दुरुस्त कसं करायचं हेही त्याला कुठेतरी बघायला मिळालं पाहिजे.

त्याने पहिल्यांदा एकच बटण धरलं: 'गाडी'. दिवसातून साठ-साठ वेळा. गाडी गाडी गाडी गाडी. घर नुसतं किटलं. शाळेतून निरोप आला: 'तो यंत्राशी खेळतो, ते बटण बंद करता येईल का?' नाही, मंडळी. बाळ 'बाबाबाबा' करत असतं तेव्हा आपण त्याच्या तोंडावर हात ठेवत नाही. ते खेळतं आहे हे खरंच आहे, खेळता खेळताच त्याला समजतं की असं केलं की असा आवाज येतो आणि सगळे माझ्याकडे बघतात. आम्ही 'गाडी'ला उत्तर द्यायला लागलो. 'गाडी लाल', 'गाडी गेली', 'गाडी कुठे?' दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी त्याने दाबलं: 'गाडी', मग बराच वेळ शोधून 'नको', मग 'बाबा'. बाबा कामासाठी गावाला निघाले होते. बॅग दारात होती.

हे तीन शब्द बघा. त्यात 'नको' नसतं तर त्या वाक्याला काही अर्थ राहिला नसता. यंत्रं भरताना आपण नावं भरतो: रंग, प्राणी, फळं, वाहनं, शरीराचे अवयव, सगळं वर्गातल्या तक्त्यांसारखं. हत्तीविषयी तुम्ही दिवसातून किती वेळा बोलता? आपल्या रोजच्या बोलण्यातला मोठा हिस्सा दोन-चारशे शब्दांतच फिरत असतो, आणि ते शब्द कंटाळवाणे असतात: मी, तू, हे, ते, नको, परत, अजून, थांब, कर, दे, कुठे, का, नाही. यांची चित्रं काढता येत नाहीत म्हणून ते यंत्रावर मागच्या पानावर जातात. जॅनिस लाइट यांनी १९८८ मध्ये माणूस संवाद कशासाठी करतो याचे चार हेतू सांगितले: गरज सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक साधणं आणि रीतभात पाळणं. माझ्या मुलाच्या पहिल्या यंत्रावर जवळपास सगळी बटणं पहिल्या हेतूची होती. पाणी हवं, शू आली, भूक लागली. म्हणजे तो आमच्याशी फक्त गिऱ्हाइकासारखं बोलू शकत होता. चेष्टा करायची सोय नाही, तक्रार करायची नाही, 'तू वेडी आहेस' म्हणायची तर नाहीच. ते बटण मी नंतर स्वतः घातलं. त्याचा वापर भरपूर होतो.

आपल्या भाषेचं दुखणं वेगळंच. ही ॲपं बहुधा दुसऱ्या भाषेत घडलेली असतात आणि मग शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलेली असतात. 'मी'चं बटण असतं, पण 'मला' आणि 'माझं' शोधावं लागतं. मूल 'मी पाणी पाहिजे' म्हणतं आणि आपण त्याला व्याकरण येत नाही असं लिहितो. येत नाही ते यंत्राला. त्याच्या वर्गातली एक मुलगी यंत्रावर 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलते, कारण भरणाऱ्याने क्रियापदं पुल्लिंगीच भरली आहेत. ती चिडते आणि टॅब उलटा ठेवून देते, ते बरोबरच करते. आमच्या यंत्रात पहिल्यांदा 'तुम्ही' नव्हतंच. चिरंजीव मुख्याध्यापिकांना 'तू ये' म्हणाले आणि आमच्या संस्कारांवर चर्चा झाली. शिवाय आवाज. आठ वर्षांचा मुलगा बातम्या सांगणाऱ्या प्रौढ बाईंच्या आवाजात 'मला झोप आली' म्हणायचा. हे सगळं दुरुस्त करता येतं: बटणं वाढवता येतात, क्रियापदाची दोन्ही रूपं ठेवता येतात, नसलेला शब्द घरातल्या एखाद्या त्याच्याच वयाच्या मुलाच्या आवाजात भरता येतो. एका दुपारचं काम आहे. ते कुणाचं काम हे ठरलेलं नसतं, म्हणून होत नाही.

एक मात्र कृपा करून करू नका: बटणांच्या जागा हलवू नका. नवे शब्द घाला, पण जुने जिथे आहेत तिथेच राहू द्या. टायपिंग येणाऱ्याला विचारा, कळफलक कोणी रात्रीत बदलला तर काय होईल. बोटाला रस्ता पाठ झालेला असतो, डोळे नंतर बघतात. दर नव्या वर्षी नवे शिक्षक, आणि दर नव्या शिक्षकांबरोबर 'अधिक सुटसुटीत' मांडणी, यात आमची दोन सत्रं गेली.

आता वेळेविषयी. तोंडाने बोलणारा माणूस मिनिटाला सहज दीडशे शब्द बोलतो. यंत्रावर बोलणाऱ्याचा वेग बहुतेकदा मिनिटाला पंधरा शब्दांच्याही खाली असतो. म्हणजे तुम्ही प्रश्न विचारला, मनात तीन मोजले आणि पुढच्या मुलाकडे वळलात, तेव्हा माझा मुलगा नुकता योग्य पानावर पोचलेला असतो. तुम्ही वळलात की त्याचं उत्तर शिळं होतं. असं दहा वेळा झालं की अकराव्या वेळी तो पान उघडतच नाही, आणि वहीत येतं: 'प्रतिसाद देत नाही.' मला माहीत आहे, वर्गात एकटा तोच नाही. पण त्याला पहिला प्रश्न आधी सांगून ठेवा, बाकीच्यांकडे फिरून या आणि शेवटी त्याच्याकडे परत या. तेवढ्यात होतं त्याचं. आणि तो दाबत असताना त्याच्या मनातला शब्द ओळखून आपणच म्हणून टाकू नका. मी हे अजूनही करते. दर वेळी तो माझा हात बाजूला सारतो.

शिक्षा म्हणून यंत्र काढून घेणं हा विषय मला दोन वाक्यांत संपवायचा आहे. बडबड्या मुलाला गप्प बसायला सांगतात, त्याची जीभ काढून टेबलावर ठेवत नाहीत. कृपया.

याच्या उलट टोकाची चूकही बघितली आहे. मुलाने बोट दाखवून वस्तू मागितली, तुम्हाला समजलीही, तरी 'यंत्रावर सांग' म्हणून ती अडवून धरायची. मग 'पूर्ण वाक्यात सांग'. मग 'कृपया लाव'. आपण एकमेकांना मानेने हो म्हणतो, डोळ्यांनी बस म्हणतो, हाताने नको म्हणतो. त्याचं बोट, त्याची मान, त्याचं ओरडणंसुद्धा बोलणंच आहे. यंत्र त्याच्या जोडीला आहे. ते टोलनाका होऊ नये.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार केला. लिहिते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते. आणि जे मूल सांगू शकत नाही, ते कोणाला सोपं वाटत असेल हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून यंत्रात शरीराच्या सगळ्या भागांची खरी नावं हवीत, लाज न बाळगता. 'हात लावू नको', 'मारलं', 'भीती वाटते', 'आईला सांग' हे हवं. घरच्या, शाळेच्या, गाडीवरच्या सगळ्या माणसांची फोटोसकट नावं हवीत. हे शब्द 'नको त्या वयात' देता येत नाहीत असं मला एका बैठकीत सांगण्यात आलं. कोणत्या वयात द्यायचे हे मात्र कोणी सांगितलं नाही. यंत्र कपाटात असेल तेव्हा हे शब्दही कपाटातच असतात, म्हणून मी त्या फळीविषयी एवढी हट्टाने बोलते.

यंत्र निवडण्याबद्दल थोडं. १९९३ मध्ये फिलिप्स आणि झाओ यांनी सहायक साधनं वापरणाऱ्या प्रौढांची पाहणी केली तेव्हा २९.३ टक्के साधनं टाकून दिलेली आढळली. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, सगळंच त्यात होतं. टाकून देण्याच्या कारणांत एक ठळक कारण होतं: निवडताना वापरणाऱ्याचं मत घेतलं नव्हतं. मुलांचं मत तर कोण घेतो? तरी ते घेता येतं. दोन-तीन आठवडे वापरायला द्या आणि तो कोणतं आपणहून ओढून घेतो ते बघा. ज्याच्या बोटांवर ताबा नाही त्याच्या पडद्यावर भोकांची जाळी बसवता येते, म्हणजे एका वेळी एकच बटण दाबलं जातं. ज्याला हात उचलता येत नाही त्याला डोक्याजवळ किंवा गुडघ्याजवळ एक स्विच पुरतो: बटणं एकामागून एक उजळत जातात, हवं ते आलं की तो स्विच दाबतो. नुसत्या नजरेने चालणारी यंत्रंही आहेत. 'याच्या हातात काही धरवत नाही' हे यंत्र न देण्याचं कारण होऊच शकत नाही. ते फक्त कोणतं यंत्र द्यायचं ते सांगतं.

आणि यंत्र मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. जाड कागदावर छापलेला शब्दतक्ता आजच देता येतो. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राधान्याच्या ५० सहायक साधनांची यादी केली, त्यात संवादाचं सॉफ्टवेअर आहे तसेच साधे संवादतक्ते आणि पुस्तकंही आहेत. आमच्याकडे टॅबवरच्या मुख्य पानाची हुबेहूब छापील प्रत असते, जागाही त्याच. बॅटरी संपली, पाऊस लागला, पोहायला गेलो, की ती बाहेर येते.

या विषयावर बोलायला लागलं की कोणीतरी स्टीफन हॉकिंग यांचं नाव घेतंच. मला त्याची गंमत वाटते. हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये गेला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. भाषा त्यांच्याकडे काठोकाठ भरलेली होती, फक्त बाहेर पडायला वाट हवी होती. माझ्या मुलाला वाट आणि भाषा दोन्ही एकाच वेळी, एकाच बोटाने मिळवायची आहेत. त्यामुळे 'बघा, हॉकिंग कसे बोलायचे' हे उदाहरण माझ्यासमोर नको. तुमच्यासमोर चालेल, कारण त्यांच्यासाठी ते यंत्र कोणी कपाटात ठेवलं नव्हतं.

एक सावधगिरीची सूचना, कारण आई-वडील हताश झाले की कुठेही जातात. मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेण्याच्या एका पद्धतीचा मध्ये खूप बोलबाला झाला. १९९०च्या दशकात तिच्या चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, हात धरणाऱ्याला दुसरंच. टाइप झालं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. हात धरणारे लबाड नव्हते, त्यांना स्वतःलाही ते कळत नव्हतं. तेव्हा करून दाखवा, वाट बघा, पण शब्द त्याच्याच बोटाने किंवा त्याच्याच नजरेने येऊ द्या. तो 'गाडी' साठ वेळा म्हणाला तरी ती त्याची होती.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात, कलम २ मध्ये, 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी साधनं घातलेली आहेत. ती मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली, कारण कायद्याने सुरुवात केली की समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि मला तुमच्याशी भांडायचं नाही. मला तुमच्या वेळापत्रकातली अर्ध्या तासाची थेरपी वाढवूनही नको आहे. ती तेवढीच राहू दे, फक्त त्यातला काही वेळ मुलाऐवजी बाईंना, मावशींना, गाडीवरच्या काकांना आणि आम्हाला द्या. आम्हाला ही भाषा शिकवा. प्रार्थनेच्या वेळी, रांगेत, डबा खाताना, हात धुताना कोणीतरी मोठ्या माणसाने त्याच्या टॅबवर दोन शब्द दाबले, तरी महिनाभरात वहीतली वाक्यं बदलतील. आणि वही बदलणार असाल तर एक रकाना वाढवा: 'आज तो काय म्हणाला?' 'कसा वागला' हा रकाना चालेल तसा चालू दे.

सोमवारपासून शाळा पुन्हा सुरू. यंत्र पूर्ण चार्ज करून, गळ्यातल्या पट्ट्यासकट पाठवते आहे. कव्हर जाड रबराचं आहे. मी स्वतः तीनदा टेबलावरून पाडून पाहिलंय, घरात कोणाला सांगू नका. चार्जर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, छापील तक्ता मागच्या. फुटलं तर फुटलं, तुमच्याकडे कोणी भरपाई मागणार नाही, हे लेखी देते आहे.

हे लिहीत असताना त्याला विचारलं, शाळेला काय सांगू? त्याने बराच वेळ घेतला. मध्ये एकदा पान चुकलं, मागे आला. मग दोन बटणं दाबली: 'बूट.' 'जुने.' अंगठ्याशी जरा फाटलेत, पण तेच घालून येईल.

आपली,
एक आई